गुरूच्या वाट्याचे पाच काप

फागालेले, सामोआ
सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं (घड्याळ आजच रेडिओशी लावून घेतलं आहे)

प्रिय आणि पूज्य मेव्हणे अपेरामो यांस,

('पूज्य' हा शब्द तुमच्या बहिणीने घालायला लावला. 'प्रिय' माझा आहे.)

आम्ही सर्व खुशाल आहोत आणि ऑकलंडमध्ये तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं. फुआतिनो म्हणते की डावा दुखतो. मागच्या वर्षी ती उजवा म्हणाली होती. दर महिन्याला ती तुमच्याशी फोनवर तासभर बोलते आणि तरी कोणता गुडघा हे एकदा नीट विचारून घेत नाही, त्यामुळे मी दोन्ही गुडघ्यांसाठी प्रार्थना करतो. आता तुम्ही म्हणाल, नऊ वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आज एकदम पत्र कसं? कारण काही नाही. सहज. पाळकांचे भाऊ आज दुपारच्या विमानाने तिकडे परत निघालेत, त्यांच्या पिशवीत जागा होती. फोन केला असता, पण फोनवर कंस घालता येत नाहीत, आणि कंसांशिवाय मला जे सांगायचं आहे ते अर्धंच पोहोचतं.

आपल्या दोघांत जे झालं त्याला मी भांडण म्हणत नाही. फुआतिनो म्हणते. मी एवढंच म्हणेन की वाएलुपे आजीच्या नातीच्या लग्नात मी भाषणाला उभा राहिलो आणि ओघात बोलून गेलो की होड्या बांधायला मी माझा मीच शिकलो, एका फाटक्या सचित्र पुस्तकावरून (पाने एकशे बारा, त्यातली सोळा गहाळ), कोणी हात धरून शिकवलं नाही. त्यावर तुम्ही नारळाच्या दुधातल्या अळूच्या पानांचं ताट अर्धं टाकून उठलात आणि महिन्याभरात ऑकलंडला गेलात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असलाच पाहिजे असं नाही, असं मी नऊ वर्षं म्हणत आलो आहे.

असो. बातमी ही की गावाची लांब होडी पूर्ण झाली! चोवीस वल्ह्यांची, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बावन्न फूट साडेतीन इंच, लोखंडाचा एक खिळा नाही. दोन वर्षं चार महिने लागले. (मुलीतालो सभेत 'तीन वर्षं' म्हणतात. ते गावाचे वक्ते आहेत, त्यांना गोल आकडे आवडतात.) स्वातंत्र्यदिनाची आपियाची शर्यत पुढच्या आठवड्यात मंगळवारी आहे. गेली अकरा वर्षं आपलं गाव ती शर्यत किनाऱ्यावर उभं राहून, दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवत बघत आलंय, कारण आपल्याला होडीच नव्हती. आता आहे. पण ती पाण्यात घालायची म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाच, एरवी आपल्या खडकाळ उथळावर गुडघाभरही पाणी नसतं हे तुम्हाला माहीत आहे. ती भरती परवा शनिवारी सकाळी सात बेचाळीसला होती. पाणी फार तर वीस मिनिटं टिकणार. ती चुकली की पुढची पंधरा दिवसांनी, म्हणजे शर्यत होऊन गेल्यावर. हे सगळं इतकं फोड करून लिहितोय ते यासाठी, की शनिवारी माझ्यामुळे ती भरती जवळजवळ चुकली होती. (माझ्यामुळे हा शब्द फुआतिनोचा.)

होडी पाण्यात घालण्याआधी वाटे पुकारायचे, हा आपल्या गावचा नियम. तुम्ही तिकडे पुठ्ठ्याच्या डब्यातून जेवता, तेव्हा आठवण करून देतो: शेवटचा वाटा पुकारून झाल्याशिवाय होडीला कोणी बोट लावायचं नाही. पहाटेच तीन डुकरं भट्टीतून निघाली, केळीच्या पानांवर मांडली, आणि मुलीतालो खांद्यावर काठी टाकून, पोट पुढे काढून उभे राहिले. पाठीचा मऊ भाग प्रमुखांना, मांडी पाळकांना, मुंडकी वाढणाऱ्या तरण्यांना. सगळं बिनचूक चाललं होतं. मग त्यांनी कमरेवरचा जाड तुकडा उचलून धरला आणि पुकारलं, "हा वाटा होडी बांधणाऱ्याच्या गुरूचा! पेसामिनो, नाव सांग!"

मेव्हणे, या क्षणाची तयारी मी दोन वर्षं चार महिने केली होती. माझ्यासाठी विणलेली तलम चटई समोर घडी घालून ठेवलेली. गुरूचं नाव पुकारलं की ती उलगडायची, मला तिच्यावर बसवायचं, आणि त्या दिवसापासून गाव मला 'उस्ताद' म्हणणार. माझ्या घराण्यात आजवर कोणी त्या चटईवर बसलेला नाही. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो की मला गुरू नाही, मी स्वतःच शिकलो, तेव्हा तो वाटाही मलाच द्यावा.

वेळ सहा अठ्ठावन्न.

मुलीतालोंनी तुकडा खाली ठेवला. म्हणाले, "मग पुकारू कसं? 'हा वाटा पेसामिनोकडून, पेसामिनोच्या हातून, पेसामिनोला'? अरे, इतके पेसामिनो मावायला आपल्याला दुसरी होडी लागेल!" सगळा किनारा हसला. चोवीस वल्हेकरी हसले. फुआतिनो हसली. मी म्हणालो, नियमात कुठे लिहिलंय की गुरू असलाच पाहिजे? ते म्हणाले, नियम लिहिलेलाच नाही, आणि म्हणूनच तो तुला मोडता येणार नाही. गुरू नसलेल्या माणसाची होडी हे गाव पाण्यात घालत नाही. नाव आलं नाही तर होडी इथेच वाळूवर राहील, शर्यतीच्या दिवशी आपण तिच्यात बसून गाणी म्हणू.

आणि मग वाएलुपे आजी उठली. (वय एक्याऐंशी. ती अठ्ठ्याहत्तर सांगते.) कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे मेल्या, माझ्या परसातल्या नीरफणसाला तू एका मंगळवारी आडवे चिरे पाडत होतास, तेव्हा चीक कसा काढायचा नि फटीत कसा भरायचा हे तुला कोणी सांगितलं? त्या फाटक्या पुस्तकाने?"

आता तुम्हीच सांगा, मी गप्प कसा बसणार? मंगळवार नव्हताच तो! मी तिथल्या तिथे सांगितलं की आजी, तो बुधवार होता, आणि चिरे मी आडवे पाडत होतो हे खरं, पण तू माझ्या हातातून सुरी हिसकावलीस आणि तिरपे पाडायला लावलेस, वीतभर अंतराने, उन्हं यायच्या आत, कारण उन्हात चीक पातळ होतो. वर म्हणालीस की चिकात काथ्या असा दाबायचा की जणू रडणाऱ्या पोराच्या तोंडात घास. चूक माहिती चारचौघांत पसरू नये म्हणून मी हे सगळं बोललो. बोलून झाल्यावर पाहतो तर मुलीतालो सुरीने त्या तुकड्याचा एक काप काढून वाएलुपे आजीच्या पानावर ठेवतायत. "एक," ते म्हणाले.

मी म्हणालो, थांबा, हे शिकवणं नव्हे, ही नुसती माहिती. पण तेवढ्यात रोपाती उठला. (आपल्या गावच्या बसचा चालक. तुम्ही गेलात तेव्हा बस निळी होती, आता पिवळी आहे, आवाज तोच.) त्याने लोकांना सांगितलं की त्याच्या बसचा लाकडी सांगाडा मी खोलला तेव्हा त्यानेच मला शिकवलं, की गप्प असलेली फळी चांगली आणि कुरकुरणारी फळी कुजकी. मेव्हणे, हे साफ उलटं आहे! हे ऐकून उद्या एखादा कुजकी फळी होडीला लावेल आणि चोवीस माणसं बुडतील. मी ओरडलोच, की गाढवा, तू उलटं सांगितलं होतंस, 'कुरकुरते ती फळी जिवंत असते, भार घेते. गप्प बसते ती आतून मेलेली', आणि तू मला डोळे मिटून बसमध्ये बसवून आपियापर्यंत नेलंस, परत आणलंस, आणि कोणत्या वळणावर कोणती फळी बोलते ते माझ्याकडून वदवून घेतलंस, सलग सहा दिवस!

"दोन," मुलीतालो म्हणाले. रोपातीने काप तिथेच तोंडात टाकला आणि मला डोळा मारला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की तो मुद्दाम उलटं बोलला. वेळ सात बारा.

फुआतिनोने माझा सदरा मागून ओढला. म्हणाली, "अहो, तोंड मिटा, नाहीतर सगळं डुक्कर वाटलं जाईल." मी तोंड मिटायचं ठरवलं होतं. देवाशपथ. पण दुकानदार सिआओसी उठला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "होडीचे सगळे स्क्रू मी दिले!" अहो, सगळ्या गावासमोर! ज्या होडीत खिळ्यालाही जागा नाही तिच्यात स्क्रू! मी सांगितलं, की दिले नाहीत, होतेच कुठे? मी तुझ्या दुकानात तीनदा आलो, तिन्ही वेळा तू म्हणालास की जहाज आलं नाही. आणि तिसऱ्यांदा मासे गुंडाळता गुंडाळता वर न बघता म्हणालास, तुझ्या आजोबांच्या काळात कोणतं जहाज यायचं स्क्रू घेऊन? त्यांच्या होड्या काय थुंकीने चिकटवल्या होत्या? त्या वाक्यावर मी घरी जाऊन रात्रभर जागा राहिलो आणि दुसऱ्या दिवसापासून लाकडाच्या खुंट्या तासायला लागलो. (एकूण आठशे चौसष्ट.)

"तीन." सिआओसी म्हणाला, "बघा, वर न बघता शिकवलं. बघून शिकवलं असतं तर काय झालं असतं!"

चौथे आपले पाळक. ते उठून उभेही राहिले नाहीत, बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले की रविवारच्या शाळेत त्यांनी मला नोहाच्या तारवाची मापं पाठ करायला लावली आणि मी ती आनंदाने पाठ केली. आनंदाने? मी पाळकांना तिथेच सुनावलं, की मी विचारलं होतं 'तीनशे हात लांब' म्हणजे कोणाचा हात, नोहाचा की सुताराचा. दोघांच्या हातात बोटभर फरक असला तरी तीनशे हातांत काय घोळ होईल! त्यावर तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत. (उन्हात. पंचवीस मिनिटं.) आणि आत बोलावून म्हणालात, की आता लक्षात ठेव: हात कोणाचाही असो, पण एकाच माणसाचा असावा. ही होडी मी पहिल्या फळीपासून शेवटच्यापर्यंत एकाच काठीने मोजली, टेप एकदाही लावला नाही, आणि म्हणून तिच्या दोन्ही बाजू... इथे मी थांबलो, कारण मुलीतालोंची सुरी आधीच खाली आली होती.

"चार."

सात एकतीस. पाणी पहिल्या खडकावर चढलं होतं. पानावर एकच काप उरला होता, सगळ्यांत जाड. मुलीतालोंनी काठी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली, आणि मेव्हणे, त्यांचा आवाज आता चेष्टेचा नव्हता. म्हणाले, "चीक झाला, फळ्या झाल्या, खुंट्या झाल्या, माप झालं. पेसामिनो, तुझ्या हातात लाकूड तासायचा वाकस पहिल्यांदा कोणी दिला?"

मी आजूबाजूला पाहिलं. मला वाटलं, कोणीतरी उठेल, काहीतरी चुकीचं सांगेल, मग मी दुरुस्त करेन. ती माझी पद्धत आहे, मला तीच जमते. पण कोणी उठेना. वाएलुपे आजी, जी कधी गप्प नसते, ती वाळूत बोटाने रेघा काढत होती. रोपाती समुद्राकडे बघत होता. सगळ्यांना नाव माहीत होतं, मेव्हणे. चूक करणारं मात्र एकही माणूस नव्हतं. चोवीस तरुण वल्ही हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला सात बत्तीस झाल्याचं दिसलं, सात तेहतीस झाल्याचं दिसलं. सात चौतीसला मी ते नाव घेतलं, पुन्हा विचारल्याशिवाय, कोणी चिडवल्याशिवाय, एकही तपशील न दुरुस्त करता. (कोणाचं ते पुढे सांगतो, भरती थांबत नसते.) मुलीतालोंनी ते इतक्या मोठ्याने पुकारलं की खडकावरचे बगळे उडाले, आणि सगळा किनारा एका आवाजात ओरडला, "हा वाटा त्याचा!"

मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं! केळीच्या खुंटांवरून होडी सरकली. शंभराहून जास्त माणसं (एकशे सात, मी मोजली) खांदा लावून, बायका पुढे गात गात पाणी उडवत. पाळकांची कमरेची लावालावा सुटली तरी त्यांनी होडी सोडली नाही. सात बेचाळीसला, ठरल्या मिनिटाला, नाळ पाण्याला लागली आणि ती तरंगली. मेव्हणे, ती नुसती तरंगली नाही, ती बसली! एखादी म्हातारी आपल्या नेहमीच्या चटईवर बसते तशी, न डुलता, न कलता. मी दोन्ही बाजूंना पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर मोजलं. फरक इंचाचा आठवा भाग, आणि तोही सिआओसी एका बाजूला रेलून उभा होता म्हणून. चोवीस वल्ही एकदम पडली, तीन ओढींत ती खाडीच्या तोंडाशी गेली, आणि आत पाण्याचा एक थेंब नाही! गुडघे टेकून, तळव्याने चाचपून पाहिलं. कोरडी ठणठणीत. रोपातीने कान लावला आणि ओरडला, "बोलतेय रे, सगळी बोलतेय!" वाएलुपे आजी किनाऱ्यावर नाचत होती, वयाला न शोभेल असं. तिचं बघून सगळं गाव नाचलं. मीही नाचलो. (चार पावलं.)

आता तुम्ही म्हणाल, तुझा तोरा उतरला म्हणायचा. मुळीच नाही. मी आजही म्हणतो की मी स्वतःच शिकलो. पण कोणाच्या परसात शिरायचं, कोणाच्या बसमध्ये डोळे मिटून बसायचं, कोणत्या दुकानातून रिकाम्या हाताने आणि भरल्या डोक्याने परतायचं, हे काही त्या पुस्तकात नव्हतं; ती माणसं मी स्वतः गाठली. बाकी लोक आयुष्यभर त्याच वाएलुपेच्या शेजारी राहिले आणि तिच्याकडून नुसते नीरफणस नेत राहिले. होडी पाण्यावर बघताना मला तिच्यात फळ्या दिसतच नव्हत्या, सगळी तोंडं दिसत होती, रांगेने, बडबड करणारी. आणि एवढी तोंडं एकत्र जोडून त्यांतून पाण्याचा थेंब आत येऊ दिला नाही, हे काम मात्र माझंच, ते कोणी नाकारू शकत नाही.

तर असा मी आता आपल्या गावचा होडीचा उस्ताद झालो. तिकडच्या आपल्या लोकांना अवश्य कळवा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला (जो असेल त्याला) खोबरेल कोमट करून लावत जा.

आपला,
पेसामिनो

ता. क. १: वर 'तीन ओढींत' लिहिलं आहे. साडेतीन. शेवटच्या ओढीला दोघांची वल्ही एकमेकांत अडकली.

ता. क. २: 'उस्ताद झालो' हेही तंतोतंत बरोबर नाही. चटई अजून घडीतच आहे. मुलीतालो म्हणाले, की नाव आलं म्हणून होडी पाण्यात गेली; चटई मात्र पाचवा काप ज्याचा त्याच्या पोटात गेल्यावरच उलगडेल. म्हणजे तोपर्यंत मी तसा कोणीच नाही. ही गोष्ट तिकडच्या लोकांना कळवायची गरज नाही.

ता. क. ३: पाचवा काप पाळकांच्या फ्रीझरमध्ये ठेवला आहे, केळीच्या पानात गुंडाळून, वर तुमचं नाव लिहून. (अपेरामो. अक्षरं मोठी काढली, लांबून वाचता येतील अशी.) पाळकीणबाई म्हणतात, येत्या रविवारपर्यंत ठेवीन, मग मला मासळीला जागा लागेल. मी मुलीतालोंना विचारून पाहिलं, पोस्टाने पाठवता येईल का, पाळकांच्या भावाबरोबर देता येईल का. दोन्ही नाही. गुरूने तो गावात बसून, स्वतःच्या तोंडानेच खायचा असतो. शनिवारचं विमान आहे. शर्यत मंगळवारी आहे, तीही बघून होईल. तुम्ही आलात तर त्या लग्नाविषयी काही बोललंच पाहिजे असं नाही. मीच बोलेन, ते माझ्याकडे लागलं आहे. लिहायला गेलो तर चार वेळा कागद फाडावा लागला.

ता. क. ४: दादा, मी फुआतिनो. पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून लिहून घेते. तुझं नाव घेताना हा माणूस रडला, सगळ्या गावासमोर. विचारलं तर म्हणतो, भट्टीचा धूर डोळ्यांत गेला. भट्टी चाळीस फुटांवर होती आणि वारा समुद्राकडे होता. आता तूही फार ताणू नकोस. ये.

ता. क. ५: एकेचाळीस फूट. बाकी तिने लिहिलेलं वाचलं. बरोबर आहे.